चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यक म्हणून काम करताना: पिंजऱ्यापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

मेंदूवरच्या शोधनिबंधात जे आलेख छापले जातात, त्यांतला प्रत्येक बिंदू हा पुष्कळदा एक उंदीर असतो. त्या उंदराला वजनकाट्यावर ठेवणारा, चाचणीच्या खोलीत नेणारा, त्याला इंजेक्शन देणारा आणि शेवटी त्याचा मेंदू काढून घेणारा माणूस बहुतेक वेळा संशोधन साहाय्यक असतो. म्हणून या कामाकडे किरकोळ मदतनिसाचे काम म्हणून पाहणे मला मान्य नाही. घाबरलेल्या प्राण्याकडून मिळालेला आकडा हा पुष्कळदा भीतीचाच आकडा असतो आणि नंतर कोणतेही संख्याशास्त्र वापरले तरी तो दुरुस्त होत नाही. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने भारतातील माउस (लहान उंदीर) आणि रॅट (मोठा उंदीर) यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना धरून लिहिले आहे, आणि ते जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी आहे.

अर्ज करण्यापूर्वी

या शाखेत सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्यावे लागते. उंदरांवरील बहुतेक प्रयोगांच्या शेवटी प्राण्याचा मृत्यू ठरलेला असतो, कारण मेंदूचे काप घेतल्याशिवाय चेतापेशींमध्ये काय बदलले हे सहसा कळत नाही. हे काम तुमच्या हातून होणार आहे. ते आपल्याला जमणार नाही असे वाटत असेल, तर फळमाशीवर काम करणाऱ्या, माणसांच्या मेंदूलहरी नोंदवणाऱ्या किंवा संगणकीय प्रतिकृती तयार करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि त्यांतही तितकेच चांगले चेताविज्ञान होते. हा निर्णय आधी घेण्यात काहीही कमीपणा नाही. सहा महिन्यांनी, अर्धा प्रयोग झाल्यावर तो घेतला तर मात्र तुमचे नुकसान होते आणि त्या प्राण्यांचा वापरही वाया जातो.

मुंबईतील टीआयएफआर, पुण्यातील आयसर, बंगळूरमधील एनसीबीएस आणि निम्हान्स, हरियाणातील मानेसर येथील एनबीआरसी या संस्थांमध्ये अशा प्रयोगशाळा आहेत. पदांची नावे निरनिराळी असतात. प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट, ज्युनिअर रिसर्च फेलो अशा नावांनी जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात. नेट किंवा गेट उत्तीर्ण असल्यास मानधन वाढते. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोची मासिक रक्कम ३७,००० रुपये आहे आणि घरभाडे भत्ता त्याशिवाय मिळतो. बहुतेक पदे प्रकल्पाच्या निधीवर असतात, त्यामुळे नेमणूक एका वर्षाची असते आणि दरवर्षी मुदतवाढ मिळते किंवा मिळत नाही.

जाहिरात नसली तरी थेट पत्र लिहिता येते, पण त्या पत्रात प्रयोगशाळेचा एखादा अलीकडचा निबंध वाचून त्यातील नेमका कोणता प्रश्न तुम्हाला महत्त्वाचा वाटला हे दोन वाक्यांत लिहावे. मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारावेत. कोणता प्राणी, प्रशिक्षण कोण देणार, प्रकल्पाला नैतिकता समितीची मंजुरी मिळालेली आहे का, शनिवार-रविवारी प्राण्यांकडे कोण पाहते, आणि शोधनिबंधात साहाय्यकाचे नाव केव्हा येते, हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. त्यांना सरळ उत्तर मिळाले नाही, तर ती गोष्ट लक्षात ठेवावी.

कायदा आणि परवानगी

भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतात. त्यांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती सीसीएसईए या नावाने ओळखली जाते. जुन्या कागदपत्रांत तिचेच नाव सीपीसीएसईए असे आढळेल. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत स्वतःची प्राणी नैतिकता समिती असते, जिला सर्वजण आयएईसी म्हणतात. तिच्यात संस्थेचे शास्त्रज्ञ आणि पशुवैद्यक असतात, तसेच केंद्रीय समितीने नेमलेले बाहेरचे सदस्यही असतात. माउस, रॅट, हॅमस्टर, गिनिपिग, ससा यांवरील प्रस्ताव ही समितीच मंजूर करते, तर त्यांहून मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातात.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आपल्या प्रकल्पाचा मंजूर झालेला ‘फॉर्म बी’ (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) मागून घ्या आणि तो अक्षरशः ओळीओळीने वाचा. किती प्राणी, कोणत्या जातीचे, नर की मादी, कोणते औषध, किती मात्रा, कोणती भूल, कोणती वेदनाशामके, आणि प्राणी कोणत्या अवस्थेला पोहोचला की प्रयोग थांबवायचा, हे सर्व त्यात लिहिलेले असते. उदाहरणार्थ, मूळ वजनाच्या २० टक्के घट ही प्रयोग थांबवण्याची मर्यादा अनेक ठिकाणी ठरवलेली असते. त्या कागदाबाहेरचे काहीही करायचे नाही. वरिष्ठांनी ‘हे एवढे करून बघ’ असे सांगितले तरी त्या मंजुरीत ती कृती आहे का, हे शांतपणे विचारावे; दुरुस्तीचा अर्ज करता येतो आणि चांगले मार्गदर्शक तो करतातच.

या सगळ्यामागे विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे आहेत: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधणे, प्राण्यांची संख्या कमी ठेवणे, आणि यातना कमी होतील अशी पद्धत वापरणे. भारतीय नियमावलीत प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाचे चौथे तत्त्व जोडलेले आहे. पहिल्या दोन तत्त्वांवर मार्गदर्शक निर्णय घेतात, पण तिसरे तत्त्व जवळजवळ पूर्णपणे साहाय्यकाच्या हातात असते.

स्वतःची काळजी

उंदरांच्या मूत्रातील प्रथिनांची ॲलर्जी हा या व्यवसायातील खरा धोका आहे. सुरुवातीला शिंका आणि डोळ्यांची खाज असते आणि दुर्लक्ष केल्यास पुढे दमा होऊ शकतो. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि फक्त ॲनिमल हाउसमध्ये (प्रयोगाचे प्राणी ठेवण्याच्या जागेत) वापरायचा झगा पहिल्या दिवसापासून वापरा, आणि तो झगा घालून उपाहारगृहात जाऊ नका. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. चावा बसल्यास जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच नोंदवावी. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नये. ती टोक आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि मृत प्राणी व ऊती पिवळ्या पिशवीत, अशी जैववैद्यकीय कचऱ्याची विभागणी २०१६ च्या नियमांनी ठरवून दिलेली आहे.

हाताळणी: इथे सर्वाधिक वेळ द्या

नव्या साहाय्यकाला शस्त्रक्रिया आणि सूक्ष्मदर्शकाचे आकर्षण असते, पण पहिले दोन-तीन आठवडे फक्त प्राणी उचलणे, ठेवणे आणि निरखणे यासाठी दिले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण शास्त्रीय आहे. २००२ मध्ये एनसीबीएसमधील सुमंत्र चॅटर्जी यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की, रॅटला रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवल्यास स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ भागातील चेतापेशींच्या शाखा आक्रसतात, तर भीतीशी निगडित ॲमिग्डालामधील काही चेतापेशींच्या शाखा उलट वाढतात. म्हणजे ताणाने मेंदूची रचनाच बदलते. मग ज्या प्राण्यांना चुकीच्या हाताळणीमुळे रोज ताण येतो, त्यांचा ‘ताण नसलेला गट’ म्हणून आपण वापर करतो तेव्हा आपण नेमके काय मोजतो, याचा विचार करावा.

माउसला शेपटी धरून उचलण्याची सवय अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून दिसले की, शेपटीने उचललेले माउस नंतर माणसाचा हात टाळतात आणि चिंतेच्या चाचण्यांत अधिक घाबरलेले दिसतात. त्याउलट प्लास्टिकच्या नळीतून किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीत उचललेले माउस स्वतःहून जवळ येतात. नळीला खर्च जवळजवळ नाही. ती पिंजऱ्यातच ठेवावी, म्हणजे प्राण्याला तिचा परिचय राहतो. उचलायच्या वेळी ती आडवी धरून माउसला आत जाऊ द्यावे आणि दोन्ही टोकांना हात धरून नळी उचलावी. रॅटला खांद्यांमागून छातीभोवती हात घालून, दुसऱ्या हाताने मागच्या पायांना आधार देऊन उचलावे. तो मोठा आणि जड असतो, आणि त्याचे शरीर हवेत लोंबकळत राहिले की तो धडपडतो.

चाचणीपूर्वी किमान काही दिवस, रोज ठरावीक वेळी, प्रत्येक प्राण्याला एक-दोन मिनिटे हातात घेऊन ठेवावे. त्याच काळात निरीक्षणाची सवय लावून घ्यावी. केस फुगलेले आहेत का, पाठ कमानीसारखी वर आलेली आहे का, डोळे अर्धे मिटलेले आहेत का, घरटे बांधलेले आहे का, विष्ठा पातळ आहे का, हे पाहायला शिकलेला माणूस आजारी प्राणी एक दिवस आधी ओळखतो. रॅटच्या डोळ्यांभोवती लालसर स्राव दिसला तर तो रक्त असेलच असे नाही. हार्डेरियन ग्रंथीतून येणारे ते रंगद्रव्य ताण किंवा आजार यांची खूण असते. घाबरलेला रॅट २२ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज काढतो, जो आपल्याला ऐकू येत नाही पण शेजारच्या पिंजऱ्यातील रॅटना ऐकू येतो. म्हणूनच एका प्राण्यावर केलेली वेदनादायक कृती किंवा त्याचा मृत्यू दुसऱ्या प्राण्यांच्या समोर कधीही होऊ देऊ नये.

हाताळणारा माणूस कोण आहे यानेही निष्कर्ष बदलतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१४ मध्ये असे प्रसिद्ध केले की, पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासाने, अगदी त्याने घातलेल्या टी-शर्टनेसुद्धा, उंदरांमध्ये ताण निर्माण होतो आणि त्यामुळे त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. यातून घ्यायचा धडा इतकाच की प्रयोगाच्या मध्यावर माणूस बदलू नये, बदलणे अटळ असेल तर दोन्ही गटांतील प्राणी दोघांत सारखे वाटावेत, आणि प्रयोग कोणी केला हे वहीत लिहावे.

प्राण्यांची वसाहत सांभाळणे

ॲनिमल हाउसमध्ये बारा तास प्रकाश आणि बारा तास अंधार असतो, तापमान २२ अंश सेल्सियसच्या आसपास असते. उंदीर निशाचर असल्याने काही प्रयोगशाळा दिवे उलट चक्रावर लावतात; तसे असेल तर अंधाराच्या वेळी मोबाइलचा प्रकाशही आत नेऊ नये. महाराष्ट्रात दोन गोष्टींची विशेष तयारी लागते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत, आर्द्रता वाढते आणि साठवलेल्या खाद्याला बुरशी लागते, म्हणून खाद्याची पोती जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत आणि जुने पोते आधी संपवावे. दुसरी गोष्ट म्हणजे गणेशोत्सवातील ढोल आणि दिवाळीतील फटाके. आवाज आणि कंपने यांमुळे माद्या पिल्ले खातात, प्रजनन मंदावते आणि चिंतेच्या चाचण्यांचे आकडे बिघडतात. वर्षाचे वेळापत्रक आखताना त्या दिवसांत वर्तनाच्या चाचण्या ठेवूच नयेत. ते दिवस काप कापायला आणि विश्लेषणाला उपयोगी पडतात.

माउसचा गर्भकाळ सुमारे १९ ते २१ दिवसांचा, रॅटचा २१ ते २३ दिवसांचा. पिल्ले साधारण २१ व्या दिवशी आईपासून वेगळी करतात. माउसची मादी प्रसूतीनंतर २४ तासांच्या आत पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे नर सोबत असेल तर पहिली पिल्ले वेळेवर वेगळी न केल्यास पिंजऱ्यात दोन पिढ्यांची गर्दी होते आणि नवजात पिल्ले दगावतात. नेमक्या वयाचे भ्रूण हवे असल्यास सकाळी लवकर मादीच्या योनीमार्गातील प्लग (समागमानंतर घट्ट झालेली वीर्याची गुठळी) तपासतात आणि तो दिसल्याच्या दिवसाला अर्धा दिवस धरून मोजणी सुरू करतात.

जनुक बदललेल्या माउसमध्ये प्रत्येक पिल्लाची जनुकीय चाचणी करावी लागते. कानाचा छोटा तुकडा घेऊन, अल्कलीमध्ये तापवून डीएनए मोकळा करून पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती काढणारी चाचणी) करतात. इथे चूक प्रयोगात होत नाही, नावात होते. म्हणून नमुना घेताना पिंजऱ्याचा क्रमांक, कानाची खूण आणि नळीचा क्रमांक एकाच वेळी लिहावा, आणि प्रयोग संपल्यावर त्याच प्राण्याच्या ऊतीचा दुसरा नमुना तपासून घ्यावा.

जातीची पार्श्वभूमी विचारल्याशिवाय कोणताही प्राणी वापरू नये. एफव्हीबी जातीच्या माउसची दृष्टिपटले लहानपणीच निकामी होतात, त्यामुळे ज्या चाचणीत खोलीतील खुणा पाहून मार्ग शोधायचा असतो तिच्यात तो अपयशी ठरतो आणि आपण त्याला स्मृतिदोष समजून बसतो. सी५७ब्लॅक६ या लोकप्रिय जातीच्या ‘एन’ उपशाखेतही दृष्टिपटलाचा एक दोष असतो, जो ‘जे’ उपशाखेत नसतो. पुरवठादार बदलला की उपशाखा बदलू शकते.

वर्तनाच्या चाचण्या

१९९९ मध्ये जॉन क्रॅब, डग्लस वालस्टेन आणि ब्रूस ड्युडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी येथील तीन प्रयोगशाळांत एकाच जातींच्या माउसवर, एकाच प्रकारची उपकरणे वापरून, त्याच चाचण्या एकाच काळात केल्या. इतकी काळजी घेऊनही काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेनुसार वेगळे आले. प्रत्येक साहाय्यकाला हे काम माहीत असावे असे मला वाटते, कारण त्यातून कळते की लिहून ठेवलेल्या कार्यपद्धतीत न मावणाऱ्या कितीतरी गोष्टी प्राण्याला जाणवत असतात.

म्हणून चाचणीचा दिवस असा आखावा. प्राण्यांना गटांत वाटण्याचे काम संगणकाच्या यादृच्छिक क्रमाने करावे. हाताला जो आधी लागला तो पहिल्या गटात असे करू नये, कारण जो सहज हाती लागतो तो प्राणी मुळातच वेगळ्या स्वभावाचा असू शकतो. गटाची माहिती दुसऱ्या सहकाऱ्याकडे सांकेतिक क्रमांकांत ठेवावी, म्हणजे चाचणी घेताना तुम्हाला ती ठाऊक नसेल. पिंजरे चाचणीच्या खोलीत किमान अर्धा ते एक तास आधी आणून ठेवावेत. दोन्ही गटांतील प्राणी आलटूनपालटून घ्यावेत, म्हणजे एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी असे होत नाही. प्रत्येक प्राण्यानंतर उपकरण ७० टक्के इथेनॉलने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. अत्तर, वासाचे तेल आणि नवा साबण त्या दिवसांत टाळावा.

उघड्या चौकटीची चाचणी, अधांतरी अधिक-चिन्हाची मेझ (मेझ म्हणजे भूलभुलैयासारखे उपकरण), नव्या वस्तूची ओळख, भीतीचे अनुबंधन (एखाद्या खुणेशी धक्का जोडून भीती शिकवणे) आणि रिचर्ड मॉरिस यांची पाण्याची मेझ या चाचण्या बहुतेक ठिकाणी असतात. एकाच प्राण्यावर अनेक चाचण्या करायच्या असतील तर सौम्य चाचणी आधी आणि विजेचा सौम्य धक्का किंवा पोहणे यांसारखी ताणाची चाचणी शेवटी ठेवावी. अधिक-चिन्हाची मेझ एकदाच वापरावी. दुसऱ्या वेळी प्राण्याला ती ओळखीची असते आणि आकड्याचा अर्थ बदलतो. प्राणी मेझवरून खाली पडला, तर त्याला पुन्हा ठेवून नोंद पुढे चालू करायची की ती वगळायची, हा नियम प्रयोगापूर्वी लिहून ठेवावा, कारण निकाल दिसू लागल्यावर घेतलेला निर्णय प्रामाणिक राहत नाही. चित्रफीत नेहमी साठवावी. संगणकाने काढलेला मार्ग पुसटशा सावलीनेही चुकतो, म्हणून काही चित्रफिती डोळ्यांनी तपासाव्यात.

मेंदूवरील शस्त्रक्रिया

स्टिरिओटॅक्सिक शस्त्रक्रिया (डोके चौकटीत स्थिर धरून मेंदूतील नेमक्या जागी पोहोचणे) ही पशुवैद्यक आणि अनुभवी सहकारी यांच्यासमोर शिकायची गोष्ट आहे; इथे फक्त नवशिक्याच्या नजरेतून निसटणाऱ्या बाबी सांगतो. उंदरांना उलटी करता येत नाही, त्यामुळे माणसाप्रमाणे शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याची गरज सहसा नसते. लहान माउसला तर उपाशी ठेवणे धोक्याचे आहे. भूल लागली की शरीराचे तापमान झपाट्याने उतरते, म्हणून ३७ अंशांची उबदार गादी सुरुवातीपासून शुद्धीवर येईपर्यंत हवी. डोळे उघडे राहतात, त्यांना मलम लावावे. पायाच्या बोटाला चिमटा घेतल्यावर पाय मागे ओढला जात असेल तर भूल पुरेशी नाही आणि चीर द्यायची नाही. वेदनाशामक शस्त्रक्रियेनंतर प्राणी कळवळू लागल्यावर देण्यापेक्षा आधीच द्यावे. केटामीन हे नियंत्रित औषध आहे. त्याचा साठा कुलपात, आणि वापराच्या प्रत्येक थेंबाची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये असते.

कवटीवरील ब्रेग्मा आणि लॅम्डा हे दोन बिंदू समान उंचीवर आणल्याशिवाय मेंदूच्या नकाशातील अंतरे लागू पडत नाहीत. ते नकाशे ठरावीक जातीच्या आणि वजनाच्या प्रौढ प्राण्यांवरून तयार केलेले असतात, त्यामुळे लहान वयाच्या प्राण्यात अंतर बदलते. प्रत्यक्ष प्रयोगापूर्वी दुसऱ्या कामासाठी आधीच मारलेल्या प्राण्यात रंग सोडून, काप घेऊन, सुई नेमकी कुठे पोहोचते हे तपासावे. विषाणूवाहक (जनुके पेशींत पोहोचवणारे विषाणू) सोडल्यानंतर सुई लगेच ओढू नये. पाच-दहा मिनिटे तिथेच थांबावे, नाहीतर द्रव सुईच्या वाटेने वर येतो. प्राणी चालू-फिरू लागेपर्यंत त्याच्याजवळून उठू नये, आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वजन व जखम पाहावी.

मेंदू मिळवणे

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चित्राचा दर्जा परफ्युजनच्या (रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडून ऊती टिकवण्याच्या) काही मिनिटांत ठरून जातो. खोल भूल दिल्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्यात सुई घालून उजवे अलिंद कापतात, आधी थंड क्षारद्रव आणि मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड सोडतात. यकृत तपकिरी लालवरून फिकट झाले, तर रक्त नीट धुतले गेले असे समजावे. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. ते वायुनिष्कासन कपाटातच तयार करावे आणि वापरावे. द्रावण ६० अंशांच्या वर तापवू नये, सामू ७.४ आहे याची खात्री करून ते गाळून घ्यावे, आणि शक्यतो त्याच आठवड्यात वापरावे.

मेंदू एक रात्र त्याच द्रावणात, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये तळाला जाईपर्यंत ठेवतात. तो तळाला जाण्याआधी गोठवला तर बर्फाचे स्फटिक ऊतीत भोके पाडतात. क्रायोस्टॅटवर (गोठवलेल्या ऊतीचे काप घेणाऱ्या यंत्रावर) ३० ते ४० मायक्रॉन जाडीचे काप घेताना एका बाजूला बारीक खाच ठेवावी, म्हणजे डावा आणि उजवा गोलार्ध पुढे ओळखता येतो.

चेतापेशी नुकतीच सक्रिय झाली होती का, हे पाहण्यासाठी सी-फॉस प्रथिन वापरतात. ते उद्दीपनानंतर साधारण ६० ते ९० मिनिटांनी सर्वाधिक असते. याचा अर्थ असा की चाचणीचे वेळापत्रक परफ्युजनच्या वेगावरून उलटे आखावे लागते: एका प्राण्याला २० मिनिटे लागत असतील तर चाचण्याही तितक्याच अंतराने सुरू कराव्यात. सकाळी सगळ्यांची चाचणी आणि मग ओळीने परफ्युजन असे केल्यास शेवटच्या प्राण्यातील आकडा पहिल्याशी तुलना करण्याजोगा उरत नाही.

रंजन, मोजणी आणि ‘एन’

प्रतिपिंडांनी (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूंनी) रंजन करताना सर्व गटांतील काप एकाच दिवशी, एकाच द्रावणात रंगवावेत. प्राथमिक प्रतिपिंडाशिवाय एक काप नेहमी ठेवावा. सूक्ष्मदर्शकावर लेसरची तीव्रता आणि एक्स्पोजर सर्व प्रतिमांसाठी सारखे असावे. मोजणी गट न कळता, सांकेतिक क्रमांकांवर करावी आणि काही प्रतिमा दुसऱ्या व्यक्तीकडून मोजून घ्याव्यात.

या शाखेतील सर्वांत सामान्य संख्याशास्त्रीय दोष नव्या साहाय्यकाने पहिल्याच महिन्यात समजून घ्यावा. तीन प्राण्यांतील प्रत्येकी २०० पेशी मोजल्या तर ‘एन’, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, ६०० होत नाही, तो तीनच राहतो, कारण एकाच मेंदूतील पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. तीच गोष्ट भावंडांची. एका मादीच्या आठ पिल्लांवर गर्भावस्थेतील औषधाचा परिणाम तपासला, तर औषध एका आईला दिलेले असते, आठ जणांना नाही. प्रत्येक गटात अनेक मातांची पिल्ले असावीत, आणि पिल्लू कोणत्या आईचे याचा रकाना तक्त्यात असलाच पाहिजे. तो रकाना साहाय्यकाने भरला नसेल तर विश्लेषण करणाऱ्याला तो नंतर कुठूनही आणता येत नाही.

वही आणि फाइली

प्रयोगवही शाईने, त्याच दिवशी लिहावी. खोडायचे असल्यास एक रेघ मारून शेजारी योग्य मजकूर, तारीख आणि सही करावी. खोडरबर आणि पांढरी शाई वापरू नये. औषधाचा बॅच क्रमांक, प्रतिपिंडाचा कॅटलॉग क्रमांक, प्राण्याचे वजन आणि वय, चाचणीची वेळ, खोलीत झालेला आवाज, बंद पडलेली वीज, हे सर्व लिहावे. जो प्राणी वगळला त्याचे कारणही लिहावे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर प्राण्याचा क्रमांक असावा; अशी नावे आपोआप क्रमाने लागतात. मूळ प्रतिमा कधीही बदलू नये. सर्व बदल प्रतीवर करावेत, आणि दोन वेगळ्या ठिकाणी साठा असावा. फिजी (प्रतिमा मोजण्याचे सॉफ्टवेअर) आणि पायथन किंवा आर या संगणकभाषांपैकी एक शिकून घेतले, तर तुम्ही मोजणी करणाऱ्यावरून विश्लेषण करणाऱ्याच्या पातळीवर जाता.

मनाची बाजू, हक्क आणि निरोप

प्राण्यांना मारण्याचे दिवस मनावर साचतात. ज्यांना सुरुवातीला काही वाटत नाही, त्यांनाही काही महिन्यांनी अचानक जड जाते. अशा दिवशी एकट्याने काम करू नये, प्राण्यांची संख्या एका दिवशी मर्यादित ठेवावी, आणि वरिष्ठांशी किंवा संस्थेतील समुपदेशकाशी बोलावे. थकलेल्या हातांनी दिलेला मृत्यू जलद आणि वेदनारहित होत नाही, म्हणून थकवा मान्य करून काम पुढे ढकलणे हे प्राण्याच्या हिताचेच असते. मानेचा मणका निखळवण्याची पद्धत किंवा कार्बन डायऑक्साइड, जी पद्धत मंजूर असेल, तिचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय ती जिवंत प्राण्यावर करण्यास नकार द्यावा.

काम सुरू होण्यापूर्वीच आपल्या वाट्याला कोणता प्रश्न आहे आणि शोधनिबंधात नाव कोणत्या योगदानावर येईल, हे मार्गदर्शकांशी बोलून ईमेलवर नोंदवून ठेवावे. आठवड्याच्या सुट्टीची पाळी लेखी असावी. पुढे पीएच.डी.साठी शिफारसपत्र हवे असेल तर दर तीन महिन्यांनी एका पानाचा प्रगती-अहवाल स्वतःहून द्यावा. पत्र लिहिताना मार्गदर्शकांना तो आधाराला लागतो.

पद सोडण्याच्या किमान महिनाभर आधी हस्तांतर सुरू करावे. कोणत्या पिंजऱ्यात कोणत्या जनुकीय प्रकारचे किती प्राणी आहेत, त्यांपैकी कोणते प्रजननासाठी राखायचे, उणे २० आणि उणे ८० अंशांच्या शीतकपाटांत कोणत्या डब्यात कोणते मेंदू आहेत, सांकेतिक क्रमांकांची किल्ली कोणाकडे आहे, आणि फॉर्म बी मधील मंजूर संख्येपैकी किती प्राणी वापरून झाले, याचा तक्ता तयार करून नव्या साहाय्यकासोबत प्रत्येक पिंजरा आणि प्रत्येक डबा प्रत्यक्ष पडताळावा. निदान दोन आठवडे त्याला तुमच्याबरोबर प्राणी हाताळू द्यावेत, म्हणजे तुम्ही गेल्यावर त्या उंदरांना अनोळखी हाताची सवय एकाएकी करावी लागणार नाही.